लाइट फील्ड फोटोचा बारकावा दुप्पट कसा करायचा: साधा कॅमेरा, एम-६ रॉड आणि २५ फ्रेम

लाइट फील्ड फोटोत प्रकाश किती आहे याबरोबर तो कुठल्या दिशेने आला हेही नोंदवलेलं असतं. त्यात बारकावा कमी का पडतो, हे आधी समजून घ्या. लाइट फील्ड कॅमेरे बनवणाऱ्या लायट्रो कंपनीच्या पहिल्या कॅमेऱ्यात १.१ कोटी किरणांची नोंद व्हायची, पण हाती येणारा फोटो १०८० × १०८० पिक्सेलचा असायचा. तिच्याच २०१४ च्या इलम कॅमेऱ्यात ४ कोटी किरण, आणि फोटो साधारण ४० लाख पिक्सेलचा. उरलेले पिक्सेल ही दिशा टिपण्यात खर्च होतात. ती कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. आता हे काम घरी करायचं, तर साधा कॅमेरा थोडा थोडा सरकवत एकाच वस्तूचे अनेक फोटो घेणं हाच चांगला मार्ग. प्रत्येक फोटो पूर्ण सेन्सरचा मिळतो, आणि ते नीट जुळवले तर त्यांच्या बेरजेतून एकाही फोटोत नसलेला बारकावा निघतो. अट एकच, वस्तू हलता कामा नये. रावेरच्या बागेतलं वाऱ्यावर फडफडणारं केळीचं पान या पद्धतीने मिळणार नाही. घरात टांगलेली केळीची फणी मिळेल.

खालचं गणित ५० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर धरून आहे. फणी २ मीटरवर असेल तर एका पिक्सेलमध्ये वस्तूचा ०.१५६ मिमी भाग बसतो. कॅमेरा ३ मिमी सरकवला की चित्र १९.२ पिक्सेल सरकतं. यातला १९ हा आकडा आपल्या उपयोगाचा नाही, सगळी किमया त्या ०.२ मध्ये आहे. पाच फोटोंत पिक्सेलची जाळी वस्तूवर दर वेळी थोडी वेगळ्या जागी पडते आणि मधल्या फटी भरून निघतात. सरकणं नेमकं १९.० पिक्सेल झालं, तर पाचही फोटो तेच ते बिंदू मोजतील आणि कितीही फोटो जोडले तरी नवं काही मिळणार नाही. बऱ्याच जणांची मेहनत इथेच वाया जाते.

सरकवायची सोय हार्डवेअरच्या दुकानातून होते. वॉटरप्रूफ प्लायच्या पाटावर फर्निचरवाले लावतात तो बेअरिंगचा ड्रॉवर चॅनेल बसवा, त्यावर कॅमेरा, आणि ढकलायला एम-६ थ्रेडेड रॉड. या रॉडचे आटे १ मिमी अंतराचे असतात, म्हणजे तीन फेरे फिरवले की ३ मिमी. फिरवणं नेहमी एकाच दिशेने. उलट फिरवलं की नट आणि आट्यांमधली मोकळीक आड येते आणि सुरुवातीचं थोडं फिरवणं वाया जातं. म्हणून नवी ओळ सुरू करताना कॅमेरा सुरुवातीच्याही मागे न्या आणि मग पुढे आणा. वर-खालच्या ओळींसाठी पाटाखाली दर वेळी ३ मिमी जाडीची एक ॲक्रिलिक शीट वाढवा. शीटची जाडी थोडी कमीजास्त निघते, ते चालतं. खरं सरकणं नंतर फोटोतूनच मोजायचं आहे. पाच ओळी, ओळीत पाच फोटो, एकूण २५. फक्त आडवं सरकवलं तर बारकावाही आडवाच वाढतो, म्हणून वर-खालच्या ओळी टाळू नका.

फणीची खोली २० सेमीच्या आत ठेवा. १.९ ते २.१ मीटरच्या दरम्यान शेजारच्या दोन फोटोंतला फरक मधल्या पातळीपेक्षा सुमारे एक पिक्सेल इकडेतिकडे राहतो. खोली जास्त असेल तर ३ ऐवजी २ मिमीने सरकवा.

लेन्सचं छिद्र एफ ५.६ ते एफ ८. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ १६ वर जाण्याचा मोह होतो, पण तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, लेन्सच सेन्सरच्या जाळीपेक्षा जाड तपशील देते. मग फटींत भरायला काही उरतच नाही. फाइल रॉ, आयएसओ १००, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद, शटर टायमरवर. घरातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, म्हणून शटर १/५० किंवा १/२५ ठेवा. खिडकीचं ऊन घेऊ नका, २५ फोटो होईपर्यंत सावली सरकते.

पंखा आणि कूलर बंद करावे लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेच उरका. तापलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरचा नॉइजही वाढतो. कॅमेऱ्याचा पाट टेबलावर न ठेवता थेट शहाबादी फरशीवर ठेवा. भुसावळसारख्या ठिकाणी घर रुळांजवळ असेल तर मालगाडी जाईपर्यंत थांबा; अर्ध्या पिक्सेलचा हादरासुद्धा फ्रेम बिघडवतो.

आता जुळवणी. ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या मोफत सॉफ्टवेअरमधली ईसीसी ही फोटो जुळवण्याची पद्धत वापरून प्रत्येक फोटोचं सरकणं मधल्या फोटोच्या तुलनेत ०.१ पिक्सेलपर्यंत मोजा. मोजणी हिरव्या चॅनेलवर करा. पिवळ्या सालीत निळा प्रकाश फार कमी असतो, त्यामुळे निळा चॅनेल काळोखा आणि दाणेदार येतो. मग पिक्सेलच्या अपूर्णांकांची यादी काढून बघा. ते ० ते १ मध्ये पसरलेले हवेत; एकाच जागी गोळा झाले असतील तर तीनऐवजी सव्वातीन फेरे देऊन पुन्हा फोटो घ्या.

दुप्पट मोठ्या जाळीवर प्रत्येक फोटोचे पिक्सेल मोजलेल्या जागी ठेवून सरासरी काढा. एकाच सरकण्यावर खोलीची फक्त एक पातळी स्पष्ट होते, म्हणून ०.१ पिक्सेलच्या पायरीने सगळ्या पातळ्या तपासा आणि जिथे २५ फोटोंतला फरक सर्वांत कमी, तीच त्या बिंदूची खोली धरा. सालीवरच्या तपकिरी ठिपक्यांवर हे अचूक जमतं. गुळगुळीत पिवळ्या भागावर कुठलीही खोली बरोबर वाटते, तिथे शेजारच्या ठिपक्यांची खोली पसरवा. दोन केळी एकमेकांवर येतात त्या कडेला मागचं केळं काही फोटोंत झाकलं जातं. तिथे सरासरी घेतली तर कडेला भुताटकी दुहेरी रेघ दिसते, म्हणून मध्यक घ्या. शेवटी इटरेटिव्ह बॅक-प्रोजेक्शनच्या, म्हणजे जोडलेला फोटो मूळ फोटोंशी ताडून फरक दुरुस्त करण्याच्या, पाच-दहा फेऱ्या. जास्त फेऱ्यांनी कडांभोवती पांढरी कड उमटते.

खरंच फरक पडला का, याची खात्री डोळ्यांवर सोडू नका. ६०० डीपीआय लेझर प्रिंटरवर तीन ठिपके काळे, तीन पांढरे अशा आडव्या आणि उभ्या रेघांचा कागद काढा आणि फणीशेजारी, त्याच अंतरावर लावा. एक रेघ ०.१२७ मिमीची होते, म्हणून एकट्या फोटोत तिथे राखाडी पट्टा किंवा लाटा दिसतात. जोडलेल्या फोटोत रेघा सुट्या दिसल्या पाहिजेत. आडव्या सुट्या दिसल्या आणि उभ्या नाहीत, तर आडव्या सरकण्याचे अपूर्णांक तपासा. दोन्ही पुसट असतील तर बहुतेक वेळा जुळवणी चुकलेली असते किंवा स्टॅबिलायझेशन चालू राहिलेलं असतं.

जुना इलम हाताशी असेल तर त्याच कॅमेऱ्याची कॅलिब्रेशन फाइल जपा, ती नसेल तर सेन्सरपुढच्या बारीक भिंगांची (मायक्रोलेन्स) जागा कळत नाही. एका फोटोतून वेगवेगळ्या कोनांतली दृश्यं निघतात; कडेची काळोखी असतात, ती गाळून मधली वापरा. आणि वस्तूवर नेमका फोकस करू नका, किंचित पुढेमागे ठेवा. नेमक्या फोकसवर सगळी दृश्यं तोच बिंदू बघतात आणि जोडायला नवं काही मिळत नाही.