फोनवर पेशंट बघताय? लायसन्सपासून चिठ्ठीपर्यंत काय सांभाळायचं

नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे ह्या पट्ट्यात प्रॅक्टिस करणाऱ्या आम्हा जीपी लोकांचे बरेचसे पेशंट माथाडी कामगारांच्या घरातले, म्हणजे मूळ गाव सातारा नाहीतर सांगलीकडे, आणि गावची यात्रा आली, भाताची लावणी आली, भावकीत लग्न निघालं की माणसं महिना महिना गावाला. मग पाटणवरून फोन येतो, मॅडम बीपीच्या गोळ्या संपल्या, इथला मेडिकलवाला चिठ्ठी मागतोय, तेवढी व्हॉट्सॲपवर टाका ना. पाठवायची की नाही, ह्यावर आमच्यातच इतका गोंधळ आहे की काही जण घाबरून सरळ नाही म्हणतात आणि काही जण मागेल ते लिहून मोकळे होतात. दोन्हीत पेशंटचं नुकसान आहे, म्हणून नवीन दवाखाना टाकणाऱ्या मुलामुलींसाठी हे नीट लिहून काढतेय, पेशंटनी वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच.

भीती उगाच नव्हती हे आधी सांगते. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टानं डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन फेटाळला होता, बाळंतपणानंतर पुन्हा ॲडमिट झालेली बाई, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये हजर नव्हते, फोनवरून औषधं सांगितली गेली आणि ती बाई गेली. त्यानंतर फोनवर साधी क्रोसिन सांगायलाही लोक कचरायला लागले. चित्र बदललं ते २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिन (म्हणजे फोन, व्हिडिओ, चॅटवरून उपचार) प्रॅक्टिस गाइडलाइन्स आल्या तेव्हा. त्या पुढे २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेला परिशिष्ट ५ म्हणून जोडल्या गेल्या, म्हणजे त्या नुसत्या सूचना नाहीत, मोडल्या तर कौन्सिल तुमच्यावर कारवाई करू शकतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एनएमसीनं, म्हणजे जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशननं, नवीन आचारसंहिता आणली होती पण त्याच महिन्यात ती स्थगित केली, त्यामुळे २००२ चीच धरून चालायचं.

आता लायसन्सचा मुद्दा. सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा, पेशंट ह्या क्षणी कुठे बसलाय? तुम्ही कुठे बसलाय ते नंतर. पेशंट भारतात कुठेही असेल, पाटणला असो, बेळगावला असो नाहीतर पाटण्याला, तर रजिस्टर्ड डॉक्टर त्याला टेलिमेडिसिननं सल्ला देऊ शकतो, प्रत्येक राज्याचं वेगळं रजिस्ट्रेशन काढायची गरज नाही. गाइडलाइन्समध्ये हे स्वच्छ लिहिलंय आणि ही फार मोठी मोकळीक आहे, अमेरिकेतल्या डॉक्टरला ती नाहीये, तिकडे पेशंट ज्या राज्यात असेल त्या राज्याचं लायसन्स साधारणपणे लागतंच. पण ही मोकळीक दूरवरून सल्ला देण्यापुरती. कर्नाटकात रजिस्टर झालेला डॉक्टर ठाण्यात घोडबंदर रोडला दवाखाना उघडून बसणार असेल तर त्याला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घ्यावंच लागतं, मी ऑनलाइनच बघतो म्हणून ते टाळता येत नाही.

आणि रजिस्ट्रेशन चालू असायला हवं. एमएमसीचं दर पाच वर्षांनी रिन्यू होतं, त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि कितीतरी जण शेवटच्या महिन्यात सीएमई (हे पॉइंट देणारे डॉक्टरांचे शिक्षण-कार्यक्रम) शोधत फिरतात, तसं करू नका, दरवर्षी थोडे थोडे जमवा. नाव रजिस्टरवर नसताना प्रॅक्टिस केली तर एनएमसी कायद्याच्या ३४ व्या कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बीएएमएस, बीएचएमएस मंडळींनी एक लक्षात घ्या, वर सांगितलेल्या गाइडलाइन्स ॲलोपॅथीच्या आहेत, आयुर्वेद-युनानीसाठी आणि होमिओपॅथीसाठी २०२० मध्येच स्वतंत्र गाइडलाइन्स आल्यात, त्या आपापल्या कौन्सिलच्या बघायच्या.

आता पाटणचा फोन परत घेऊ, कारण नियम कागदावर वाचून काही कळत नाही.

फोन उचलला की आधी मी माझं नाव सांगते आणि समोरच्याचं नाव, वय, आत्ता कुठल्या गावात आहेत ते विचारते, ओळखीचा पेशंट असला तरी. खूपदा फोन बायको करते आणि गोळ्या नवऱ्याच्या असतात. पेशंटनं स्वतः फोन केला तर संमती धरलेलीच असते, वेगळं काही लिहून घ्यायला लागत नाही, पण आशाताई, नर्स, दुसरा डॉक्टर किंवा घरातला कोणी सुरुवात करून देतोय तर पेशंटची स्पष्ट संमती हवी, मी सरळ सांगते की दादांकडे फोन द्या आणि त्यांना म्हणते, व्हॉट्सॲपवर एवढं बोलून पाठवा की फोनवर सल्ला घ्यायला माझी हरकत नाही. दहा सेकंदांची व्हॉइस नोट, ती सेव्ह करून ठेवायची. पेशंट लहान मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं आणि ते कोण आहे हे पण विचारून लिहून ठेवायचं.

मग बघायचं की हा फॉलो-अप आहे की पहिली कन्सल्ट. इथे बहुतेक जण फसतात. आपला दहा वर्षांचा जुना पेशंट म्हणजे फॉलो-अप असं नसतं. त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत दवाखान्यात समोर बसून दाखवलं असेल तरच फॉलो-अप. दिवाळीला दाखवून गेला आणि थेट जूनमध्ये फोन केला तर ती पहिली कन्सल्ट झाली, आणि बीपीचा पेशंट अंगावर चट्टे आले म्हणून फोन करतोय तर तो आजारच नवीन, तीही पहिलीच.

ह्याच्यावर औषधं ठरतात, गाइडलाइन्समध्ये त्यांच्या याद्या केल्यात. पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या ही लिस्ट ओ, ती नुसत्या चॅटवर सांगितली तरी चालतं. लिस्ट ए मधली औषधं पहिल्या कन्सल्टला द्यायची तर व्हिडिओ कॉल पाहिजे, म्हणजे त्वचेचं मलम, डोळ्याचे थेंब असलं काही, आणि चालू असलेल्या गोळ्या परत लिहून देणं पण ह्यातच येतं, बीपीच्या एनालाप्रिल, ॲटेनोलॉल, शुगरची मेटफॉर्मिन वगैरे. लिस्ट बी फक्त फॉलो-अपला, त्याच आजारासाठी आधीच्या औषधात भर घालायची असेल तेव्हा, जसं मेटफॉर्मिनवर शुगर आटोक्यात नाही म्हणून सिटाग्लिप्टिन जोडलं. आणि शेड्यूल एक्स (सगळ्यात कडक नियंत्रणाखालची औषधं) आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं टेलिमेडिसिनवर लिहायचीच नाहीत. हे जरा थांबून वाचा, कारण फोनवर सगळ्यात जास्त गळ घातली जाते ती झोपेच्या गोळीसाठी, आणि अल्प्राझोलम एनडीपीएसमध्ये येतं. ट्रॅमाडॉल पण. कोडीनवालं खोकल्याचं औषध पण नाही. पेशंट कितीही जवळचा असू दे, रडून सांगू दे, त्याला प्रेमानं समजवा की ह्यासाठी तिथल्याच डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवायला लागेल, आणि मन खूप अस्वस्थ असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तर पाटणच्या दादांना मी काय करते? चार महिन्यांपूर्वी दाखवून गेलेत, तक्रार नवीन नाही, पण तरी गावच्या उपकेंद्रात बीपी मोजून आकडा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवायला सांगते, पाय सुजलेत का, दम लागतो का, डोकं दुखतं का विचारते, मगच चिठ्ठी. तुमचं समाधान नाही झालं तर फोनवरची तपासणी कुठल्याही क्षणी थांबवून प्रत्यक्ष या असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, तो वापरा. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बाळ निपचित पडलंय असं काही ऐकू आलं तर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, प्रथमोपचार सांगा, १०८ लावायला सांगा आणि कोणीतरी निघालंय ह्याची खात्री होईपर्यंत फोन ठेवू नका.

चिठ्ठी म्हणजे चॅटमध्ये टाइप केलेलं औषधाचं नाव नव्हे. लेटरहेडवर पेशंटचं नाव, वय, पत्ता, तारीख, तक्रार, निदान, औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य कॅपिटल अक्षरात, डोस, किती दिवस, खाली सही आणि रजिस्ट्रेशन नंबर, मग त्याचा फोटो किंवा पीडीएफ. रजिस्ट्रेशन नंबर पावतीवर, वेबसाइटवर, व्हॉट्सॲप-ईमेलवर पण दिसला पाहिजे, मी तो व्हॉट्सॲप प्रोफाइलमध्येच टाकून ठेवलाय. चिठ्ठी पेशंटलाच पाठवायची, परस्पर मेडिकलवाल्याला पाठवायची झाली तर पेशंटला विचारून, आणि मेडिकल कुठलं हे पेशंट ठरवणार. फी घेऊ शकता, पावती द्या. कॉलची नोंद, चॅट, रिपोर्ट, चिठ्ठीची कॉपी सगळं जपून ठेवा, फोन बदलताना चॅट उडतात म्हणून महिन्याला एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं बरं. आणि पेशंटच्या जखमेचे फोटो डॉक्टरांच्या ग्रुपवर नाव-चेहऱ्यासकट टाकणं बंद करा, कळकळीनं सांगते.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी थोडं. तुमचं रजिस्ट्रेशन तपासून घेणं ही ॲपवाल्यांची जबाबदारी आहे, त्यांनी विचारलंच नाही तर तिथे काम करू नका. कुठल्याही एआयनं पेशंटला सल्ला द्यायचा किंवा औषध लिहायचं नाही, तुम्हाला मदत म्हणून चालेल, निर्णय आणि सही तुमचीच. पहिली कन्सल्ट फ्री असल्या जाहिराती करून पेशंट ओढायला पण बंदी आहे.

राहिला परदेशाचा प्रश्न, आणि नवी मुंबईत तो घरोघरी आहे. आपल्या गाइडलाइन्स भारताच्या हद्दीबाहेरच्या कन्सल्टेशनला लागूच नाहीत, त्यांनी तो विषय स्पष्टपणे बाहेर ठेवलाय. म्हणजे नेरुळच्या काकू मुलीच्या बाळंतपणाला दुबईला गेल्या आणि तिथून फोन केला तर तिथे दुबई हेल्थ ऑथॉरिटीचे नियम चालतात, न्यू जर्सीला गेल्या तर त्या राज्याचे. ओळखीच्या आहेत, फक्त गोळ्याच परत लिहायच्यात, ही सबब तिकडे चालत नाही आणि तिकडचं फार्मसी दुकान आपली चिठ्ठी घेणार पण नाही. उलट्या बाजूनंही तेच, अमेरिकेतल्या भाच्याला वाशीतल्या आजीला व्हिडिओवर तपासून औषध लिहायचंय तर त्याचं नाव इथल्या रजिस्टरवर हवं.

मार्ग आहे तो डॉक्टर टू डॉक्टर. तिकडचा डॉक्टर पेशंटला बघेल, तुम्ही त्याला पेशंटच्या परवानगीनं जुनी माहिती द्या, मत द्या, उपचाराचा निर्णय आणि जबाबदारी त्याची. आपल्या गाइडलाइन्समध्येही एक डॉक्टर दुसऱ्याचा सल्ला घेतो तेव्हा जबाबदारी पेशंटवर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याचीच राहते. म्हणून काकू निघायच्या आधी दवाखान्यात आल्या की मी लेटरहेडवर इंग्लिशमध्ये एक पान लिहून देते, आजार कधीपासून, जेनेरिक नावांसकट गोळ्या, शेवटचं बीपी, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), कशाची ॲलर्जी, आणि मुक्काम असेल तेवढ्या दिवसांच्या गोळ्यांची वेगळी चिठ्ठी. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या, हँडबॅगेत चिठ्ठीसोबत, आणि त्यात झोपेची किंवा जास्त ताकदीची दुखण्याची गोळी असेल तर तिकीट काढायच्या आधीच त्या देशात ती न्यायला परवानगी लागते का ते मुलीला तिकडे विचारून घ्यायला सांगायचं, दुबईला तर हमखास.