ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये लढायला उभी राहील अशी फौज कशी तयार करावी

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात आपण बुटक्यांचा (ड्वार्फ) किल्ला चालवतो. दारापुढचा पूल उचलला की हल्ला करणारे गॉब्लिन बाहेर आणि आपण आत, एवढ्या भरवशावर एखाददोन वर्षं निघतात. पण वेढा पडतो तेव्हा व्यापाऱ्यांचा तांडा नेमका दारात असतो, लाकूडतोडे रानात असतात, आणि खालच्या गुहांमधून वर येणाऱ्या फॉरगॉटन बीस्टचा, म्हणजे राक्षसी पशूचा, तर वरच्या पुलाशी संबंधच नसतो. फौज लागतेच. तहान लागल्यावर विहीर खणायला बसलं, तर ती वेळेवर तयार होत नाही. या खेळातलं वर्ष १२ महिन्यांचं आणि प्रत्येक महिना २८ दिवसांचा. नवख्या बुटक्याला खरा लढवय्या व्हायला यातले बरेच महिने लागतात. म्हणून पहिल्या वर्षी स्थलांतरितांची पहिली टोळी आली, की त्यातले दोघे सरळ सरावाला लावा. तेवढ्या हातांनी शेती आणि खोदकाम थोडं मागे पडेल, पडू द्या.

खाली सांगितलेल्या कळा आणि पडदे डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर आलेल्या आवृत्तीतले आहेत. जुनी आवृत्ती खेळणाऱ्यांना पडदे वेगळे दिसतील, तत्त्व तेच.

सुरुवात सेनापतीपासून. एन दाबून मानकऱ्यांच्या यादीत मिलिशिया कमांडर नेमा, मग क्यू दाबून त्याची तुकडी, म्हणजे स्क्वॉड, तयार करा. सेनापती निवडताना नुसतं शस्त्रकौशल्य बघू नका. सरावात जो जाणकार असतो तो बाकीच्यांना प्रात्यक्षिक देतो आणि तिथे त्याचं शिकवण्याचं कौशल्यही कामी येतं. मी तर किल्ला वसवायला प्रवासाला निघतानाच सुरुवातीच्या सात बुटक्यांपैकी एकाला कुऱ्हाड आणि शिकवणं अशी दोन्ही कौशल्यं देऊन ठेवते. सगळ्या फौजेचं मूळ तोच असतो.

भरती करताना खाणकामगार, लाकूडतोडे आणि शिकारी यांना वगळा. त्यांच्या कामाचा गणवेश आणि सैनिकाचा गणवेश यांत भांडण लागतं आणि बुटका कुदळ उचलू की तलवार, यातच घोटाळत राहतो. गंमत म्हणजे कुदळीने मारताना खाणकामाचंच कौशल्य मोजलं जातं, त्यामुळे मुरलेला खाणकामगार संकटात भयंकर लढतो. पण त्याला रोजच्या तुकडीत अडकवण्यापेक्षा खाणीतच राहू द्यावं.

आता बॅरक्स. झेड दाबून बॅरक्सचा झोन आखा आणि तुकडी त्याला जोडा. जोडल्यावर सरावाची खूण चालू आहे ना, हे पुन्हा एकदा तपासा. जागा जोडलेली, सैनिक नेमलेले आणि सराव मात्र शून्य, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हीच खूण राहिलेली असते. बॅरक्स मुख्य दार आणि वस्ती यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे आत घुसणाऱ्याला आधी सैनिक भेटतील.

चिलखत सरावाच्या आधी. शिरस्त्राण, साखळीचा सदरा, त्यावर ब्रेस्टप्लेट, हातमोजे, मांड्यांचं कवच, उंच बूट आणि ढाल, सगळं धातूचं. अपवाद फक्त ढालीचा: ती वार अडवते त्यात तिच्या धातूचा फारसा वाटा नसतो, त्यामुळे लाकडीही चालते. बाकी अंगावर पोलाद चढवायची घाई करा. तोवर लोखंड किंवा कांसं घाला, उघडं कुणी राहू नये. चिलखत अंगावर असतानाच ते पेलायचं कौशल्य वाढतं आणि त्याचं ओझं कमी जाणवू लागतं, म्हणून सरावही पूर्ण गणवेशातच व्हायला हवा. शस्त्रांचं म्हणाल तर कुऱ्हाड हातपाय तोडते, चिलखतवाल्या शत्रूवर युद्धहातोडा भारी पडतो आणि मोठ्या पशूंच्या आत खोलवर भाला पोचतो. हातोडा चांदीचा करा. चांदी जड असते आणि हातोड्याला वजनच हवं.

या पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका इथेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. तुकडीत १० जण बसतात, म्हणून लोक १० भरतात. मग कुणीतरी प्रात्यक्षिक ठरवतो आणि बाकीचे त्याची वाट बघत उभे राहतात, कारण एक झोपलाय, एक जेवतोय, एक दारू प्यायला गेलाय. महिना संपतो आणि कौशल्य जागच्या जागी. खरी वाढ होते स्पारिंगमध्ये, म्हणजे दोघे समोरासमोर खेळून लढतात तेव्हा. म्हणून दोन किंवा तीन जणांची तुकडी करा. वेळापत्रकात सरावाच्या आदेशात किती जण हजर हवेत तो आकडाही दोनवर आणा. माणसं कमी, वाट बघणं कमी आणि लढणं जास्त. दोन-तीन महिन्यांनी सैनिकाच्या पानावर जाऊन कौशल्यं वाचा. शस्त्र, ढाल, चुकवणं आणि चिलखत ही चारही वर सरकत असतील तर ठीक चाललंय. एकही हलत नसेल तर बॅरक्सची जोडणी आणि वेळापत्रक पुन्हा उघडा.

अखंड सराव ठेवायचा की महिने वाटून? पहिल्या पिढीला मी अखंड ठेवते, कारण वेळ कमी असतो. त्यानंतर आलटून पालटून. सतत सरावात असलेल्या बुटक्याला देवळात जायला, मित्रांत बसायला उसंत मिळत नाही आणि मनावरचा ताण साठत जातो. चिडलेला सैनिक हातात कुऱ्हाड घेऊन घरातच फिरत असतो, हे ध्यानात असू द्या.

वेढा पडला की पहिला मोह होतो तो सरळ मारण्याचा आदेश देण्याचा. तो आवरा. माझ्या एका किल्ल्यात तीन हातोडेवाले होते, तिघेही चांगले मुरलेले. मी शत्रूवर बोट ठेवून आदेश दिला. एक जण बॅरक्समध्येच होता, तो तडक धावला. दुसरा बिछान्यातून उठला, तिसरा भोजनगृहाच्या जिन्यावर. पहिला एकटाच टोळीत शिरला, दोघांना लोळवलं आणि पडला. दुसरा पोचला तोवर तोही एकटाच. तिघे एकत्र असते तर ती टोळी त्यांना फार जड नव्हती, असं मला आजही वाटतं. म्हणून आधी दाराच्या आत एका जागी ठाण मांडायचा आदेश द्या. सगळे जमले, गणवेश चढला, मगच पूल खाली आणि मगच हल्ला. तोवर नागरिकांना बरोमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी आखून दिलेल्या हद्दीत, आत बोलावून ठेवा.

धनुर्धारी वेगळं प्रकरण आहे. त्यांना निशाणाचे फळे लावून द्या, सरावाला लाकडी किंवा हाडांचे बाण आणि लढाईला धातूचे अशी वाटणी करा. भाते विसरू नका.

दवाखानाही पहिल्या लढाईआधीच हवा. बिछाने, टेबल, ट्रॅक्शन बेंच (मोडलेली हाडं ताणून धरायचा बाक), सूत, कापड, साबण, जवळ विहीर, आणि मुख्य वैद्य नेमलेला. साबण टाळू नका, जखम चिघळली तर महिन्यांच्या सरावाने घडवलेला माणूस बिछान्यातच जातो.

पिंजऱ्याच्या सापळ्यात गॉब्लिन सापडले तर त्यांची शस्त्रं काढून घ्या आणि बंद खोलीत एकेक सोडून तुमच्या सैनिकांसमोर उभे करा. खऱ्या शत्रूशी लढल्याने येणारा अनुभव सरावातल्यापेक्षा वेगळाच. पण शस्त्रं खरंच काढली गेली आहेत, हे पिंजरा उघडण्याआधी स्वतः बघा.

पहिल्या तुकडीतला कुणी लेजेंडरी, म्हणजे कौशल्याच्या सर्वांत वरच्या पायरीचा, झाला की त्याला तिथे ठेवू नका. त्याला मिलिशिया कॅप्टन करा, हाताखाली दोन कोरे रंगरूट द्या आणि बॅरक्सचा दुसरा झोन आखा.