गाडीच्या पत्र्याला टाका घालताना

गाडीचा पत्रा जेमतेम ०.६ ते १ मिलिमीटर जाड. त्यावर सलग वेल्डिंग ओढलं की भोक पडलंच म्हणून समजा. मिग मशीनला (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार लावा आणि एकेक ठिपका द्या: एक इथे, दुसरा वीतभर लांब, पत्रा निवला की मधला. त्याआधी गंजलेली जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत जातं तिथवर सगळं सडलेलं, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा, तिथे नव्या पत्र्याचा तुकडा जोडायचा. नुसती पुट्टी भरली तर कोकणातल्या पावसाळ्यात गंज पुन्हा डोकं वर काढतो. बॅटरीची वायर काढा, आतलं कार्पेट उचला. पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल तर हौस पुरे, गॅरेज गाठा. सराव भंगारातल्या बॉनेटवर करा. तेलाच्या डब्याचा पत्रा फारच पातळ.