ख्रिस्ती घरात होमस्कूलिंग सुरू करताय? मग आधी हे वाचा

होमस्कूलिंगचा विचार करणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, करिक्युलम कुठला घेऊ? आणि ख्रिस्ती घरातलं कुणी असेल तर लगेच दुसरा, बायबल शिकवायला पुस्तक कुठलं चांगलं? दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत पण ते थोडे मागे ठेवा असं मी सांगते. आमची तिन्ही मुलं घरी शिकली, मोठी पुढे शाळेत गेली, मधला आणि धाकटी अजून घरीच आहेत, आणि एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय की पुस्तक कुठलंही घेतलं तरी भागतं, पण मूल चुकलं की घरात काय होणार हे नवरा-बायकोत ठरलेलं नसेल तर अभ्यासाचीही ओढाताण होते आणि भक्तीचीही.

त्याआधी कायद्याचं उरकून घेते. प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत आणि फरक खूप मोठा आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यातच मुलाचं शिक्षण शाळेत 'किंवा इतर प्रकारे' करायची मुभा आहे. अमेरिकेत सगळ्या राज्यांत होमस्कूलिंग चालतं पण कुठे नुसती नोंदणी पुरते तर कुठे मुलांच्या कामाची फाइल किंवा परीक्षेचा निकाल दाखवावा लागतो. उलट जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि धार्मिक कारण दिलं तरी सूट मिळत नाही, तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची केस युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये निकाल पालकांच्या विरोधात लागला. त्यामुळे प्रार्थना करून निर्णय घेतलाय, कागदपत्रांचं नंतर बघू, असं करू नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय आणि तो अध्याय मुलांना शिकवणारे आपणच असतो.

आता मुख्य मुद्दा. शाळेत गणित चुकलं की बाई लाल पेनाने गोल करतात, विषय संपला. घरी आल्यावर आई जवळ घेते. देवाबद्दल रविवारी संडे स्कूलच्या टीचर बोलतात. म्हणजे तीन वेगळी माणसं. होमस्कूलमध्ये ही तिन्ही माणसं एकच असतात, बहुतेक घरात आईच, आणि मुलाच्या बाजूने बघाल तर केवढा गोंधळ आहे हा, कारण आईचा चेहरा उतरला तर तो भागाकार चुकला म्हणून उतरला, आपण उलट बोललो म्हणून, की देवाला आपण आवडत नाही म्हणून, हे आठ वर्षांच्या मुलाला कळणार कसं?

म्हणून आमच्या घरात एक नियम आहे, चुकलेल्या उत्तराला बायबलचं वचन लावायचं नाही. पाढे म्हणताना पोरगं अडखळलं की 'अरे आळशा, मुंगीकडे जा' तोंडावर येतं, बायबलमधल्या नीतिसूत्रांतलंच आहे, पण ते तिथे वापरायचं नाही. पाढा न येणं हे पाप नाही. आणि एकदा का वचन असं छडीसारखं वापरलं की मूल पुढे ते वचन चर्चमध्ये ऐकलं तरी त्याला तो पाढाच आठवणार.

मधल्याचं एक उदाहरण देते. अपूर्णांकांची बेरीज चालली होती, १/२ अधिक १/३, आणि त्याने वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, उत्तर लिहिलं २/५. ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं. मी चूक असं न म्हणता एक कागदाची पट्टी दिली आणि म्हटलं अर्धी रंगव, मग शेजारी तेवढ्याच लांबीच्या पट्टीवर पाच भाग करून त्यातले दोन रंगव. रंगवून झाल्यावर तो बराच वेळ दोन्ही पट्ट्या बघत बसला आणि म्हणाला, अगं हे तर अर्ध्यापेक्षा कमी आहे, मी तर भर घातली होती! मग सहा भागांची पट्टी त्याने स्वतःच करून घेतली आणि ५/६ काढलं. यात रागवायला जागाच नव्हती. होमस्कूलचा खरा फायदा हाच आहे, एका उत्तरावर हवा तेवढा वेळ थांबता येतं, मागे पुढच्या धड्याची घाई नसते.

त्याच पोराने दुसऱ्या कुठल्या दिवशी वही भिरकावली तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा गणित बंद. आधी वही उचलायची, बोलायचं, माफी मागायची, मग हवं तर प्रार्थना, आणि ते सगळं मिटलं की मग गणित परत उघडायचं. गणित शिक्षा म्हणून वाढवायचं नाही आणि बक्षीस म्हणून माफही करायचं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या की मूलही शांत राहतं, हे मी तिघांच्या बाबतीत बघितलंय.

सुझॅना वेस्लीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, मेथडिस्ट चळवळ ज्यांनी सुरू केली त्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. १९ बाळंतपणं, त्यातली बरीच मुलं लहानपणीच गेली, जी जगली त्यांना ती घरीच शिकवायची. तिची सगळी शिस्त मला पटत नाही, मुलाची इच्छाच आधी मोडून काढायची हा तिचा विचार मला फार कडक वाटतो. पण तिच्या दोन गोष्टी आम्ही घेतल्या. एक म्हणजे ज्याने चूक आपणहून कबूल केली त्याला मार नाही, आणि एकदा मिटलेली चूक परत उकरून काढायची नाही. दुसरी म्हणजे आठवड्यातली संध्याकाळ ठरवून एकेका मुलाशी एकट्याने बोलायचं, जॉनचा वार गुरुवार होता. एवढ्या मुलांच्या घरात तिला जमलं तर आपल्याला जमायला हरकत नाही. त्या वेळात अभ्यासाचा विषय अजिबात काढू नका, मूल जे बोलेल ते ऐकायचं, काहीच नाही बोललं तर सोबत बसायचं.

सकाळची कौटुंबिक प्रार्थना छोटी ठेवा. नवीन असताना उत्साहात लोक गीतं, शास्त्रपाठ, मनन, प्रत्येकाची प्रार्थना असं मोठं वेळापत्रक करतात आणि मग धाकटं मूल जमिनीवर लोळायला लागलं की त्याला रागवतात, म्हणजे दिवसाची सुरुवातच रागवण्याने. आम्ही नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे घेतो, आज १२ तारीख तर १२ वा अध्याय, तोही लहान मुलं असतील तर अख्खा नाही, चार-पाच वचनं पुरे. एक गीत, एक प्रार्थना, उठा. पाठांतराला स्तोत्रसंहिता चांगली, १ लं आणि २३ वं स्तोत्र दोन्ही सहा-सहा वचनांची आहेत, सुरुवात तिथून करा. फक्त पाठांतराला मार्क देऊ नका, तक्ता लावून स्टार चिकटवू नका, भावंडांत स्पर्धा तर मुळीच नको. ज्याला पाठ होत नाही तो मुलगा देवापासून लांब आहे असं घरात कुणालाही वाटता कामा नये. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मुलांना वचनं कधी सांगायची ते बघा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना, म्हणजे सगळं रोजच्या बोलण्यात.

अभ्यासाच्या पद्धतीत मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नॅरेशनचा. शार्लट मेसन नावाच्या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ होत्या, १८४२ ते १९२३, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, घरी मुलांना शिकवणाऱ्या आयांसाठी त्यांनी बरंच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की चांगलं पुस्तक एकदाच नीट वाचा आणि मग मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्या, मधे टोकू नका, प्रश्नांची सरबत्ती करू नका. आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांचा एक धडा साधारण २० मिनिटांपेक्षा लांबवू नका. ऐकायला सोपं वाटतं, पण मूल काहीतरी भलतंच सांगतंय आणि आपण गप्प बसायचंय, हे शिकायला आईलाच वेळ लागतो.

गप्प बसल्याने काय होतं बघा. चांगल्या शोमरोनीचा दाखला वाचला, म्हणजे लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात आणि परका शोमरोनी मदत करतो ती येशूने सांगितलेली गोष्ट, आणि धाकटीला सांगायला लावलं. तिने लुटारू, याजक, लेवी सगळे भराभर संपवले आणि उतारशाळेवर येऊन थांबली. म्हणे, शोमरोन्याने त्या उतारशाळेवाल्याला दोन नाणी दिली आणि निघून गेला, पण त्या माणसाने ते पैसे जखमी माणसावरच खर्च केले का? मला इतकी वर्षं हा दाखला माहितेय पण मी त्या उतारशाळेवाल्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मग त्यावरून विश्वासाने एखाद्याला काम सोपवणं, परत आल्यावर हिशोब देणं, यावर भावंडांत अशी चर्चा झाली की मला काही शिकवावंच लागलं नाही. मी जर 'याजकाने काय केलं, लेव्याने काय केलं' असे प्रश्न विचारले असते तर तिने बरोबर उत्तरं दिली असती आणि हे राहून गेलं असतं.

वेगवेगळ्या वयाची मुलं असतील तर इतिहास, बायबल, कथावाचन, निसर्ग निरीक्षण हे सगळं एकत्र घ्या, गणित आणि भाषा मात्र प्रत्येकाच्या लेव्हलप्रमाणे वेगळी. तिघांना सगळे विषय वेगळे शिकवायला गेलात तर आई महिन्याभरात आजारी पडेल.

वडिलांबद्दल बोललंच पाहिजे. इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात मुलांना चिरडीस आणू नका आणि त्यांना प्रभूच्या शिक्षणात वाढवा हे बापांना उद्देशून आहे. आणि प्रत्यक्षात बाबा कामावरून येतात आणि विचारतात, आज काय काय झालं, म्हणजे इन्स्पेक्शन! असं नको. एक तरी विषय बाबांकडे पूर्णपणे असावा, पुस्तक निवडण्यापासून वही तपासण्यापर्यंत. आमच्याकडे विज्ञान त्यांच्याकडे आहे, प्रयोग रात्री किंवा शनिवारी होतात, घर अस्ताव्यस्त होतं, पण त्या वेळात मी मोकळी असते आणि मुलांना बाबांसोबत डोकं लावायला मिळतं.

विज्ञानावरून उत्क्रांतीचा प्रश्न येणारच. काही ख्रिस्ती करिक्युलममध्ये तो भाग गाळलेला असतो किंवा खोडून काढण्यापुरताच असतो. माझं मत स्पष्ट आहे, शास्त्रज्ञ काय म्हणतात आणि कुठल्या पुराव्यावरून म्हणतात ते मुलाला पूर्ण आणि प्रामाणिकपणे शिकवा, आणि बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा पहिला अध्याय आपण कसा वाचतो हेही मोकळेपणाने बोला. ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही हेसुद्धा त्याला सांगा. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा कळलं तर पोराला वाटेल घरच्यांनी लपवलं, आणि मग बाकी ज्या गोष्टी खऱ्या सांगितल्या त्यावरचाही विश्वास जाईल.

परीक्षेचा विचार मूल बारा-तेरा वर्षांचं व्हायच्या आत करा. बरीच होमस्कूल मुलं केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेला प्रायव्हेट कॅंडिडेट म्हणून, म्हणजे शाळेत नाव न घालता, बसतात, पण त्यासाठी बाहेरच्या मुलांना घेणारं सेंटर आपणच शोधावं लागतं, प्रत्येक सेंटर घेतंच असं नाही. लॅब नाही म्हणून विज्ञान सोडू नका, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला प्रॅक्टिकलऐवजी लेखी पेपरचा पर्याय असतो. पहिल्या वर्षापासून तारीख टाकून रेकॉर्ड ठेवा, वाचलेल्या पुस्तकांची यादी, वह्यांची थोडी पानं, प्रयोगांचे फोटो. पुढे कुठेही ॲडमिशन घ्यायची वेळ आली की हेच लागतं.

सोशलायझेशनचं तर विचारूच नका, नातेवाईक आणि चर्चच्या मंडळीतले लोक दर भेटीत तेच विचारतात. चर्चमध्ये जातात की, हे उत्तर पुरेसं नाही असं मला मनापासून वाटतं. संडे स्कूलमधली सगळी मुलं आपल्यासारख्याच घरातली असतात. खेळाची टीम, संगीताचा क्लास, वाचनालय, शेजारी, असं काहीतरी हवंच जिथे वेगळ्या श्रद्धेची, अजिबात श्रद्धा नसलेली मुलं भेटतील आणि आपलं मूल त्यांच्याशी नीट वागायला शिकेल. दुसरं असं की घराबाहेरचं एखादं मोठं माणूस मुलाच्या आयुष्यात असू द्या, ज्याच्याशी ते आपल्याबद्दलही बोलू शकेल. बंद घरात सगळी सत्ता आईबापांकडे असते, तेव्हा ही खिडकी मुद्दाम उघडी ठेवायला हवी.

आणि आईच्या थकव्याबद्दल. शब्बाथाची विश्रांती आपण मुलांना शिकवतो पण रविवारी दुपारी पुढच्या आठवड्याचे धडे काढत बसतो. आठवड्यातला एक दिवस अभ्यासाचं कपाट उघडूच नका. घरात बाळ आलंय, कुणी आजारी आहे, तर काही आठवडे वाचन, गणित आणि प्रार्थना एवढंच चाललं तरी काही बिघडत नाही.

मोठीने स्वतःहून शाळेत जायचंय असं सांगितलं तेव्हा मंडळीतल्या काहींना ते आमचं अपयश वाटलं, आम्हाला नाही वाटलं. होमस्कूलिंग हा विश्वासाचा भाग नाही, शिकवायचा एक मार्ग आहे, आणि तो दर वर्षी प्रत्येक मुलासाठी नव्याने ठरवायचा असतो, मुलाला विचारून. शाळेत तिला विषय जड गेले नाहीत, जड गेलं ते घड्याळ लावून भराभर लिहिणं, कारण घरी वेळेची सक्ती कधी नव्हतीच. म्हणून आता मधल्याला आठवड्यातून एकदा वेळ लावून पेपर सोडवायला देतो, आणि त्याने सोडवलेला पेपर तपासतात त्याचे बाबा.