‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे

मराठी माणसाचे इंग्रजी ओळखण्याची एक हमखास खूण म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारे ‘ओन्ली’. मुलाखतीत कोणी राहण्याचे ठिकाण विचारले की ‘आय स्टे इन ठाणे ओन्ली’ असे उत्तर येते, आणि त्या वेळी बोलणाऱ्याच्या मनात ‘मी ठाण्यातच राहतो’ हे वाक्य असते. हिंदीभाषक ‘ही’चे आणि गुजरातीभाषक ‘ज’चे असेच इंग्रजी करत असल्यामुळे आपसांत कोणाचे काही अडत नाही, आणि मित्रमंडळींत असे बोलण्यात लाजण्यासारखेही काही नाही. प्रश्न येतो तो लेखी इंग्रजीत. मी एकदा एका परदेशी ग्राहकाला ‘वी सेंट द फाइल टु यू ओन्ली’ असे कळवले होते. ‘अहो, फाइल तुम्हालाच तर पाठवली’ असे मला म्हणायचे होते. त्याने मात्र ‘ती आणखी कोणालाही पाठवलेली नाही’ असा अर्थ घेतला आणि इतर तिघांना ती का मिळाली नाही, अशी विचारणा केली.

गोंधळाचे मूळ आपल्या ‘च’मध्ये आहे. हे एक अक्षर अनेक कामे करते आणि ‘ओन्ली’ त्यांपैकी मुख्यतः एकच करते, ते म्हणजे मर्यादा घालण्याचे. म्हणून वाक्य इंग्रजीत नेण्यापूर्वी ‘च’ काढून त्या जागी ‘फक्त’ घालून पाहावे. ‘मला चहाच हवा’ याचे ‘मला फक्त चहा हवा’ असे सहज होते, तेव्हा तेथे ‘आय वाँट ओन्ली टी’ योग्य आहे. ‘हाच तो माणूस’ याचे ‘फक्त हा तो माणूस’ केल्यास अर्थ उरत नाही. तेथे इंग्रजीत ‘दिस इज द व्हेरी मॅन’ म्हणतात. ‘मी येणारच’ यातला ‘च’ निश्चय सांगतो, म्हणून ‘आय विल डेफिनेटली कम’. ‘तो आलाच नाही’ यासाठी ‘ही डिडन्ट कम ॲट ऑल’, ‘मला माहीतच नव्हतं’ यासाठी ‘आय हॅड नो आयडिया’, ‘तो येताच’ यासाठी ‘ॲज सून ॲज ही केम’, आणि ‘मी इथेच आहे’ यासाठी ‘आय ॲम राइट हिअर’. ‘त्यानेच सांगितलं’ याला तर वेगळा शब्दच लागत नाही. ‘ही टोल्ड मी’ म्हणताना ‘ही’वर जोर दिला की काम होते. आणि ठाण्याचे काय? ‘आय लिव्ह इन ठाणे’ एवढेच पुरेसे आहे, कारण मराठीतला तो ‘च’ बहुधा आपुलकीने आलेला असतो.

‘कालच’ हे थोडे फसवे आहे. ‘तो कालच आला’ यात ‘फार दिवस झाले नाहीत’ असा भाव असतो आणि तो ‘ओन्ली’लाही व्यक्त करता येतो, परंतु येथे त्याची जागा आधी असते: ‘ही केम ओन्ली यस्टरडे’.

जागेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मराठीत ‘च’ शब्दाच्या मागून चिकटतो, इंग्रजीत ‘ओन्ली’ साधारणपणे ज्याला मर्यादा घालायची त्याच्या आधी उभे राहते. ‘ओन्ली नीता लेंट रवी अ हंड्रेड रुपीज’ म्हणजे उसने देणारी फक्त नीता होती, बाकी कोणी दिले नाहीत. ‘नीता लेंट ओन्ली रवी अ हंड्रेड रुपीज’ म्हणजे तिने फक्त रवीला दिले. आणि ‘नीता लेंट रवी ओन्ली अ हंड्रेड रुपीज’ म्हणजे दिले ते फक्त शंभर. बोलताना इंग्रज माणूस ‘ओन्ली’ बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी टाकतो आणि नेमका अर्थ आवाजाच्या जोरावर सोडतो. कागदावर आवाज नसल्यामुळे आपण ते योग्य शब्दाशेजारी ठेवावे. शेवटी येणारे ‘ओन्ली’ नेहमीच चूक असते असेही नाही. ‘मेंबर्स ओन्ली’ ही पाटी बरोबर आहे, आणि धनादेशावर ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ लिहितात तसेच इंग्रजीत ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहितात, म्हणजे पुढे कोणी आकडा वाढवू नये.

वाक्याची सुरुवातच ‘ओन्ली देन’ किंवा ‘ओन्ली आफ्टर’ यांनी झाली, तर कर्ता आणि सहायक क्रियापद यांची अदलाबदल होते. ‘तेव्हाच मला कळलं’ याचे इंग्रजी ‘ओन्ली देन आय अंडरस्टूड’ नसून ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ असे आहे. स्पर्धा परीक्षांच्या व्याकरणात हा नियम विचारण्यासारखा असल्यामुळे तो पाठच करावा. ‘ओन्ली नीता नोज’ येथे मात्र तो लागत नाही, कारण येथे मर्यादा कर्त्यालाच आहे.

काही जोड्यांत ‘फक्त’ अजिबात चालत नाही. ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’, परंतु क्रम उलटून ‘इफ ओन्ली’ झाले की तो हळहळीचा उद्गार होतो: ‘इफ ओन्ली ही हॅड कॉल्ड’, म्हणजे ‘त्याने फोन केला असता तर!’. ‘ओन्ली जस्ट’ म्हणजे ‘जेमतेम’ किंवा ‘नुकताच’. ‘ओन्ली टू ग्लॅड’ म्हणजे ‘अगदी आनंदाने’, आणि हा ‘टू’ दोन ‘ओ’ असलेला आहे. एका ‘ओ’चा ‘टू’ आला की गोष्ट बदलते: ‘वी रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन’. याचे ‘फक्त गाडी गेलेली पाहण्यासाठी धावलो’ असे भाषांतर विद्यार्थी मुकाट्याने लिहून जातात; खरे मराठी आहे, ‘धावतपळत स्टेशनवर गेलो, तर गाडी सुटलेली’.