बस कॉम्प्रेसर घरी बांधताना: आधी ग्राउंड, मग बाकीचं

स्टिरिओ बस कॉम्प्रेसर, म्हणजे अख्ख्या मिक्समधला मोठा झालेला आवाज आपोआप खाली आणणारा डबा, बांधायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो महागड्या कपॅसिटरचा. ऑप-अँप कुठला घ्यावा, वायर चांदीची की तांब्याची, यावर लोक तासन्‌तास बोलतात. त्यातलं बहुतेक बाजूला ठेवा. कॉम्प्रेसर कसा वाजेल हे दोन गोष्टी ठरवतात: आवाज किती खाली आणायचा हे सांगणारं कंट्रोल व्होल्टेज किती स्वच्छ आहे, आणि डावा-उजवा चॅनल अगदी एकाच मापाने खाली येतात की नाही. या दोन्ही गोष्टी पैशाने विकत मिळत नाहीत, वायरिंगने मिळतात.

तुम्हाला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतं आणि २३० व्होल्टला मान द्यायची सवय आहे, असं धरून लिहितोय. तसं नसेल तर आधी एखादा हेडफोन अँप्लिफायर बांधा. हे पहिलं काम नव्हे.

आराखडा आणि सामान

सॉलिड स्टेट लॉजिक या कंपनीच्या ४००० मालिकेतल्या कन्सोलमधला बस कॉम्प्रेसर हाच बांधण्याजोगा नमुना. डेन्मार्कच्या गायराफ ऑडिओने त्यावरून केलेला घरी बांधायचा आराखडा जगभर लोकांनी बांधला आहे, त्यामुळे अडलात तर उत्तर मिळतं. रेशो (मर्यादेवरचा आवाज किती पटीने दाबायचा) २, ४ आणि १०. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ०.१ पासून ३० मिलिसेकंदांपर्यंत सहा पायऱ्या. रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ०.१, ०.३, ०.६, १.२ सेकंद आणि ऑटो. एवढ्यावर कुठलंही मिक्सिंग होतं.

आवाज कमी-जास्त करायचं काम व्हीसीए (कंट्रोल व्होल्टेजवर चालणारी अँप्लिफायर चिप) करते. दॅट कॉर्पोरेशनची २१८० घ्या. २१८१ला सिमेट्री ट्रिम करावी (हाताने जुळवून घ्यावी) लागते आणि त्यासाठी डिस्टॉर्शन मोजायची सोय लागते. २१८० कारखान्यातूनच ट्रिम होऊन येते. अशा तीन लागतात: दोन आवाजाच्या मार्गात, एक साइडचेनमध्ये, म्हणजे आवाज मोजून कंट्रोल व्होल्टेज बनवणाऱ्या बाजूला. अधिकृत वितरकाकडूनच मागवा, तिन्ही एकाच वेळी, एकाच लॉटमधल्या. रेझिस्टर, डबा, नॉब, एक्सएलआर हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल, पण व्हीसीए रस्त्यावरून स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका. छापलेला नंबर आणि आतली चिप यांचा संबंध असेलच असं नाही.

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म. आवाजाच्या मार्गातल्या जोड्या मीटरवर मोजून सारख्या निवडा. ऑप-अँप एनई ५५३२ आणि टीएल ०७२ पुरेत.

पॉवर सप्लाय

आराखड्यात १५-०-१५चा ट्रान्सफॉर्मर लिहिलेला असतो. शहरात तो चालतो. आपल्याकडे कोकणात, वाडीच्या टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की २३०चे १८० होतात. तेव्हा १५ व्होल्टचे उरतात ११.७, डायोडनंतर कसेबसे साडेपंधरा, आणि ७८१५ला (अधिक १५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) तर निदान साडेसतरा हवेत. रेग्युलेटर तिथे हात टेकतो आणि रिपल (सप्लायमध्ये उरलेली लहर) थेट आवाजात उतरतो. म्हणून १८-०-१८चा टोरॉइडल घ्या. मग व्होल्टेज चढलं की जास्तीची उष्णता निघते, तेव्हा रेग्युलेटरना हीटसिंक लावा आणि फिल्टरचे कपॅसिटर ३५ नव्हे, ५० व्होल्टचे घ्या.

उणे १५ देणाऱ्या ७९१५ची पिनांची रचना ७८१५सारखी नसते आणि तिच्या पाठीवर उणे इनपुट व्होल्टेज असतं. डब्याला कसायची असेल तर खाली अभ्रकाची चकती हवीच.

पहिल्यांदा चालू करताना एकही आयसी सॉकेटमध्ये नको, आणि मेन्सच्या फेजमध्ये ४० किंवा ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर बंद करा आणि शोधा. अधिक आणि उणे १५ दोन्ही मिळाले की पुढे.

बोर्ड भरणं

आधी बुटके भाग, मग उंच. नेहमीसारखंच.

ग्राउंड आणि कंट्रोल व्होल्टेज

आता खरं काम. माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर गेला आहे, आणि लोक अर्धवट सोडून देतात तेही इथेच.

२१८०चा हिशेब असा: कंट्रोल पिनवर ६.१ मिलीव्होल्टचा फरक पडला की आवाज १ डेसिबलने बदलतो. म्हणजे १ मिलीव्होल्टला ०.१६ डेसिबल. एरवी ऑडिओमध्ये ग्राउंडवर एखादा मिलीव्होल्ट इकडेतिकडे झाला तर फार तर थोडी घरघर ऐकू येते. इथे त्या मिलीव्होल्टने आवाजाची पातळीच हलते. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि फिल्टर कपॅसिटर यांच्यात सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे झटके फिरत असतात, शिखराला सहज १ अँपिअरचे. ग्राउंडच्या ज्या तुकड्यातून ते जातात त्याचा रोध ०.०१ ओम असला तरी त्यावर १० मिलीव्होल्ट पडतात. व्हीसीएने ग्राउंड त्याच तुकड्याच्या पलीकडून घेतलं असेल तर तुमचं मिक्स सेकंदाला १०० वेळा दीड डेसिबलहून जास्त खालीवर होतं.

आणि हे शांततेत ऐकू येत नाही. इनपुट नसेल तेव्हा हलायला काहीच नसतं, म्हणून डबा बिनआवाजी वाटतो. लोक कान लावतात, घरघर नाही म्हणतात, झाकण लावतात. मग हार्मोनियमचा लांब सूर सोडला की त्याला कडेने खरखरीत धार येते आणि दोष दिला जातो ऑप-अँपला. ऑप-अँप बदलून हे कधीही जाणार नाही.

तपासायची पद्धत: ऑडिओ इंटरफेसमधून १ किलोहर्ट्झचा स्वच्छ टोन आत पाठवा, बाहेर आलेला रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम बघा. १००० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, ९०० आणि ११००ला शेंडे दिसले तर चार्जिंगचा प्रवाह ग्राउंडमध्ये शिरलाय. ९५० आणि १०५०ला दिसले तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वायरिंगमध्ये पोचतंय. टोरॉइड जागच्या जागी थोडा-थोडा फिरवा, शेंडे कमीत कमी होतील तिथे कसा. लक्षणं वेगळी, उपाय वेगळे. ते एकत्र करून 'हम आहे' एवढंच म्हणणाऱ्याचा सल्ला ऐकू नका.

वायरिंग असं करा. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप थेट दोन फिल्टर कपॅसिटरच्या जोडावर. त्या जोडावरून एकच आखूड, जाड वायर रेग्युलेटरच्या आउटपुटकडच्या ग्राउंडला. स्टार पॉइंट, म्हणजे सगळी ग्राउंड एकत्र येतात तो बिंदू, इथे करायचा, कपॅसिटरच्या जोडावर नाही. कित्येक चित्रांमध्ये तो कपॅसिटरवर दाखवलेला असतो. ते सरळ चूक आहे, कारण झटके तिथेच फिरत असतात. स्टारवरून ऑडिओला वेगळी वायर, साइडचेनला वेगळी, मीटर-एलईडी-रिलेला वेगळी आणि डब्याला वेगळी. एलईडीची वायर ऑडिओच्या ग्राउंडला जवळ पडते म्हणून तिथे जोडायचा मोह होतो. तो मोडा.

एक्सएलआरची १ नंबरची पिन बोर्डावर न्यायची नाही. ती सॉकेटजवळच डब्याला, आखूड वायरने.

आता कंट्रोलची वायर. साइडचेनच्या ऑप-अँपमधून काही व्होल्ट निघतात, व्हीसीएला हवे असतात मिलीव्होल्ट. म्हणजे मध्ये डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) आला. तो साइडचेनच्या बोर्डावर ठेवू नका. व्हीसीएच्या पायाशी ठेवा. वायरमधून व्होल्ट न्या, मिलीव्होल्ट चिपजवळ करा. वरचा रेझिस्टर ३.९ किलोओम आणि खालचा ४७ ओम असेल तर १० व्होल्टला साधारण १९.५ डेसिबल मिळतात, आणि वायरमध्ये वाटेत जो कचरा शिरला तो ८४ पटींनी कमी होतो. तुमच्या आराखड्यातल्या किमती वेगळ्या असतील तर गुणोत्तर आराखड्याचं ठेवा, पण खालचा रेझिस्टर ५० ओमच्या वर जाऊ देऊ नका. कंट्रोल पिनला कमी रोधाचा उगम हवा, नाहीतर डिस्टॉर्शन वाढतं.

दोन्ही ऑडिओ व्हीसीएंची ३ नंबरची पिन एकाच डिव्हायडरवरून घ्या. दोन वेगळे डिव्हायडर केले की दोघांच्या रेझिस्टरमधला फरक थेट डाव्या-उजव्यात दिसतो. ४७ ओमचं खालचं टोक, दोन्ही चिपांची ६ नंबरची पिन आणि २ नंबरची पिन (तुमच्या आराखड्यात ती ग्राउंडला असेल तर) एकाच बिंदूवर आणा. तिथून एकच वायर स्टारला.

पुढचं कुणी सांगत नाही. ६.१ मिलीव्होल्टचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे, आणि तो दर अंशाला ०.३३ टक्क्यांनी बदलतो. एक व्हीसीए हीटसिंकशेजारी आणि दुसरी चार बोटं लांब असेल, दोघींत १० अंशांचा फरक पडला, तर १० डेसिबल कॉम्प्रेशनला चॅनलमध्ये ०.३ डेसिबलचा फरक येतो आणि मधला गायक एका बाजूला सरकतो. वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत डबा तापतो तेव्हा हे चांगलंच जाणवतं. दोन्ही चिपा पाठीला पाठ लावून, मध्ये थर्मल पेस्टचा ठिपका देऊन बांधा, आणि रेग्युलेटर डब्याच्या दुसऱ्या टोकाला.

शेवटी अर्थिंग. आपल्याकडे जांभा असतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असेल तर मार्चपासून पाणी घाला, आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर आधी वायरमन बोलवा. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला देणाऱ्या माणसापासून लांब राहा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून धातूच्या डब्याला हात लावायचा असतो आपल्याला. ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्यामुळे झालेलं वर्तुळ) तोडायचा तर ऑडिओच्या केबलमध्ये, घेणाऱ्या टोकाची शील्ड सोडून. मेन्सच्या अर्थला हात नाही.

डावा-उजवा जुळतो का

एकच मोनो ट्रॅक दोन्ही इनपुटना द्या. परत रेकॉर्ड करून एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करा आणि दोन्ही मिसळा. उरतो तो फरक. ०.१ डेसिबलचा फरक असेल तर उरलेला आवाज मूळपेक्षा सुमारे ३९ डेसिबल खाली असतो, अर्ध्या डेसिबलला २५ खाली. हे कॉम्प्रेशन बंद ठेवून बघा आणि मग ६ डेसिबल कॉम्प्रेशनला बघा. पहिल्यात जुळलं आणि दुसऱ्यात बिघडलं तर दोष कंट्रोलच्या बाजूला. दोन्हीकडे सारखाच बिघाड असेल तर आवाजाच्या मार्गातले रेझिस्टर तपासा. डबा तासभर तापल्यावर पुन्हा एकदा बघा.

साइडचेनचा फिल्टर

मूळ आराखड्यात नाही, पण आपल्या संगीताला हवाच. डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचं) रेकॉर्डिंग मिक्स करताना पखवाजाच्या कणीक लावलेल्या धाम्याचा प्रत्येक ठोका कॉम्प्रेसरला खाली ढकलतो आणि बुवांचा आवाज, झांजा, कोरस सगळं त्याच्याबरोबर बुडतं. साइडचेनच्या वाटेत १० किलोओम आणि ०.१५ मायक्रोफॅरडचा हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) टाका. १०६ हर्ट्झच्या खाली तो हळूहळू दुर्लक्ष करायला लागतो. बंद-चालू करायला एक टॉगल स्विच पुरे.

हीच वेळ दुसरा निर्णय घ्यायची. साध्या आराखड्यात साइडचेन डाव्या-उजव्याची बेरीज बघते, त्यामुळे एका बाजूला पूर्ण सरकवलेली झांज तिला मधल्या आवाजापेक्षा ६ डेसिबल कमी वाटते आणि निसटते. प्रत्येक चॅनलला वेगळा डिटेक्टर लावून मोठा असेल त्याचं ऐकायचं, असाही बदल करता येतो. त्याला साइडचेनमध्ये चौथी व्हीसीए लागते. नमन किंवा दशावतारासारखं थेट रेकॉर्डिंग, जिथे वाद्यं रंगमंचावर जिथे बसली तिथेच ऐकू येतात, तेच जास्त करत असाल तर हा खर्च करा. एरवी बेरीज चांगली. ती मिक्सला जास्त एकत्र धरते.

भजनाला मी २चा रेशो, १० मिलिसेकंद अटॅक, ऑटो रिलीज ठेवतो आणि सुई ३ डेसिबलच्या पलीकडे जाऊ देत नाही. अटॅक याहून जलद केला तर पखवाजाच्या शाईचा टणत्कार आणि झांजेची पहिली धार दोन्ही जातात.

खाऱ्या हवेपासून

सगळं तपासून झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून फ्लक्स काढा, कोरड्या दिवशी उन्हात ठेवा आणि अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा फवारा मारा. पॉट, रोटरी स्विच आणि आयसी सॉकेटवर आधी टेप लावा. हे मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर चैनीचं काम नाही. जूनपासून चार महिने दमट हवा बोर्डाच्या उरलेल्या फ्लक्सवर बसते, आणि टायमिंगच्या कपॅसिटरमधून होणारी गळती रिलीज बदलून टाकते. रोटरी स्विच सीलबंद घ्या, जास्त पैसे पडले तरी. तरी अटॅक-रिलीजच्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळवंडतातच. गणपतीआधी कामाची गर्दी सुरू व्हायच्या आत झाकण उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्रत्येक स्विच दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि १ किलोहर्ट्झची चाचणी पुन्हा घ्या.