रजिस्टर लग्न करताय? मग नोटीस लावायच्या आधी घरी बोला

मैत्रिणींच्या आणि ऑफिसातल्या पोरापोरींच्या लग्नात साक्षीदार म्हणून एवढ्या सह्या केल्यात की आता कोणाचं जमलं की मलाच फोन येतो, ताई, रजिस्टर लग्नाला काय काय लागतं गं. ते सांगतेच, पण आधी विचारते की घरी बोललात का. त्यावर उत्तर ठरलेलं, "आधी करून टाकतो, मग सांगू, मग काय करणारेत ते."

तर आधी हे डोक्यातून काढा, कारण रजिस्टर लग्न ज्या कायद्याने लागतं त्या १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये गुपचूप असं काही नसतंच. तुम्ही लग्न करणार असल्याची नोटीस देता, ती विवाह नोंदणी ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लागते, नोटिशीचं रजिस्टर कोणीही येऊन फुकटात बघू शकतं, आणि तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक कॉपी तिकडच्या ऑफिसातही लावायला जाते. म्हणजे तुम्ही राहता मालाडला आणि कायमचा पत्ता रत्नागिरीचा असेल तर कागद तिकडेही पोचला, आता तिथे गावातलं कोणी ना कोणी कामाला असतंच हे मी वेगळं सांगायला नको. पोरीच्या लग्नाचं बापाला गावाहून कळलं तर तो राग लग्नाचा नसतो, "मला बाहेरच्याकडून कळलं" याचा असतो, आणि हा राग लग्नाच्या रागापेक्षा जास्त वर्षं टिकतो. बघितलंय मी.

पण एक अपवाद. घरी मारहाण, कोंडून ठेवणं, जीवाची धमकी असलं काही असेल तर वरचं सगळं विसरा, घरी सांगू नका, आधी सुरक्षित जागी जा, ११२ ला फोन करा, वकील गाठा. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातीची परवानगी लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी केसमध्ये स्वच्छ सांगितलंय. आणि जातपंचायत वाळीत टाकायला निघाली तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. खालचं सगळं नुसत्या रुसणाऱ्या, रडणाऱ्या, जेवण टाकणाऱ्या घरांसाठी.

आता बोलायचं कसं. आई-बाबा दोघांना एकत्र समोर बसवून "मला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय" असली मीटिंग घेऊ नका, बाबा लगेच टीव्ही बंद करतात आणि मग कोर्टच भरतं. आधी आई. तीसुद्धा हात कामात असताना, मेथी निवडत असेल तर समोर बसून चार काड्या तुम्हीही निवडा, नजर भाजीवर असली की दोघींनाही बोलायला सोपं जातं. "आई, तुला एक सांगायचंय." "काय, नोकरी गेली का?" "नाही गं, मी एका मुलाशी लग्न करायचं ठरवलंय." मग हात थांबतो. आणि पुढचा प्रश्न मुंबईतल्या कुठल्याही मराठी घरात एकच, "कुठले ते?" याचा अर्थ गाव नाही, जात, हे तुम्हालाही माहितीये आणि तिलाही. इथे गोल गोल बोलू नका, जे आहे ते एका वाक्यात सांगा, कारण आत्ता लपवलं तर नंतर तेच धरून बसतील. मग ती विचारेल मासे खातात का, घर स्वतःचं आहे का, आई कशी आहे त्याची. हे प्रश्न आले की समजा दार पूर्ण बंद नाहीये. प्रश्नच आला नाही आणि ती उठून गॅसकडे गेली तर मागे मागे जाऊन समजावत बसू नका, दोन दिवस सोडा.

बाबांना आईलाच सांगू द्या, तुम्ही नंतर. आणि एक मावशी किंवा आत्या आधीच आपल्या बाजूला करून ठेवा, जिचं बाबा ऐकतात अशी, जी आपल्याला आवडते ती नव्हे, हा फरक लक्षात ठेवा. चुलत भावंडांना मात्र एवढ्यात नको, फॅमिली ग्रुपवर कधी जाईल सांगता येत नाही.

आता कागद, पटकन. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटीसच्या आधी सलग ३० दिवस तरी राहिलेला हवा. मुंबईत जिल्हे दोन आहेत हे लोक विसरतात, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, वांद्र्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंत उपनगर, आणि डोंबिवलीकरांनो तुम्ही ठाण्यात येता. जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा आदेश किंवा मृत्यूचा दाखला. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर परत पहिल्यापासून. हरकत कोणीही घेऊ शकतो पण कारणं मोजकी, आधीचं लग्न चालू आहे, वय कमी आहे, मानसिक स्थिती, जवळचं नातं, बस. "आम्हाला पसंत नाही" ही हरकत चालत नाही. बाहेर एजंट "एका दिवसात लग्न" म्हणत उभे असतात, ते बहुतेक वेळा तुम्हाला विधी करून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली बसवतात, दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर तोही रस्ता आहेच, मग ९० दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंदणी करा. दोघांपैकी एक या चार धर्मांबाहेरचा असेल आणि कोणालाच धर्म बदलायचा नसेल तर मात्र बहुतेक वेळा स्पेशल मॅरेजच. आणि जोडीतला एक अनुसूचित जातीचा, दुसरा सवर्ण असेल तर समाजकल्याणची ५०,००० ची योजना आहे, विचारून घ्या, लाजू नका.

ते ३० दिवस म्हणजे खरं काम. या काळात त्या मुलाला घरी घेऊन या म्हणत नाही मी, उलट आणूच नका इतक्यात, पण तुम्ही रोज घरी वेळेवर या, जेवायला बसा, नेहमीसारखं भांडा. घरच्यांना वाटत असतं पोरगी गेलीच हातातून, ती गेली नाहीये हे त्यांना दिसू दे.

साक्षीदार तीन लागतात, आणि इथे मैत्री तुटते, म्हणून नीट ऐका. लहानपणापासून तुमच्या घरी जेवलेला, तुमच्या आईला काकी म्हणणारा मित्र पहिला आठवतो, आणि नेमकं त्यालाच सहीला उभं करू नका, निदान घरी माहीत नसताना तरी. कायद्याने त्याला काही होत नाही, पण तुमच्या आईचा सगळा राग त्याच्यावर निघतो, "तुला माहीत होतं आणि आमच्याकडे चहा पिऊन जात होतास." तुमचं वर्षभराने गोड होतं, त्याचं नाही होत, तो त्या घराची पायरी चढायचा बंद होतो. त्याला सरळ सांगा, तुला यात घेत नाही, मात्र हे मी तुला माझ्या तोंडाने सांगतोय. वाईट वाटेल, पण मैत्री राहील. सहीला ऑफिसचे घ्या. कामाच्या वारी येऊ शकणारे घ्या, सुट्टीच्या दिवशी नोंदणी ऑफिस बंद, आणि ओरिजिनल आधार आदल्या रात्री बॅगेत टाकायला लावा, विरारहून आलेला साक्षीदार कार्डासाठी परत जाऊ शकत नाही.

लग्नाच्या दिवशी सही झाल्या झाल्या स्टेटस टाकू नका. आधी घरी फोन. उचलणार नाहीत कदाचित, तरी करा, मिस्ड कॉल दिसतो.

मग दोन-चार महिने कोणी बोलत नाही असं होतं. बारशाला, लग्नाला बोलावणं लागतं, गणपतीला लागत नाही, हे आपल्याकडचं फार बरं आहे. दोघं सरळ दर्शनाला जा, पेढे आणि दुर्वा घेऊन, आरतीच्या वेळेला, म्हणजे घरात चार लोक असतात आणि कोणाला दार लावता येत नाही. आरती म्हणा, प्रसाद घ्या, आईने "जेवून जा" म्हटलं तर एकदाही नको म्हणू नका, आणि नाही म्हटलं तर दहा मिनिटांत निघा, पुढचं गौरी जेवतात त्या दिवशी बघू.